भोंगा थांबला तेव्हा

माझ्या धाकट्या सुनेला एक खोड आहे, आणि ती माहेरूनच घेऊन आलेली असणार, कारण आमच्या घरात ती कुणालाच नव्हती. माणूस जरा काही चांगलं बोलायला तोंड उघडतो, तोच ही विचारते, "आणि नाही झालं तर?" थोरला म्हणाला, छपरावर डांबर मारलंय, आता गळायचं नाही. हिचं, नाही टिकलं तर? मी म्हणाले, धाकट्याचं जहाज महिनाअखेरीला बंदराला लागेल. तिचाच नवरा तो, पण तिथेही तेच. मी एकदा सुनावलं तिला, की अगं, तुझं लग्न ठरवताना हा प्रश्न आम्ही विचारला असता तर आज तू दुसऱ्याच कुणाचं डोकं खात असतीस. त्यावर ती हसली. उलट बोलणारी सून मला चालते, तिला चार शब्द जास्त ऐकवता येतात. हसणाऱ्या सुनेचं काय करायचं, ते मला कुणी शिकवलेलं नाही.

आमची हॅचरी आहे. लोक अंडी आणून देतात, आम्ही ती मशीनमध्ये उबवतो आणि पिल्लं काढून परत देतो. मी हे लाकडाच्या पेटीत कंदील ठेवून सुरू केलं होतं. शाळेत मी अक्षरं जुळवण्यापुरती गेले, पण कोंबडीला जे जमतं ते मला का जमू नये, एवढं मला कळत होतं. तेव्हा घरातले पुरुष हसले. ते सगळे आता फोटोत आहेत आणि हॅचरी चालू आहे.

आता मशीन मोठं आहे, खोलीएवढं. आत ट्रेच्या रांगा, त्या हळूहळू इकडून तिकडे कलतात. मागे हीटर आणि पंखा, आणि ऊब मोजायला वायरच्या टोकाला नखाएवढा सेन्सर. ह्या सगळ्याला डोकं दिलं माझ्या थोरल्यानं. कॉलेजातून आल्यावर त्यानं सी नावाच्या भाषेत प्रोग्राम लिहिला. सेन्सर सांगतो ऊब किती, प्रोग्राम ठरवतो हीटर चालू ठेवायचा की बंद. पुढच्या खोलीत माझ्या खुर्चीसमोर त्यानं एक स्क्रीन लावून दिली. तिच्यावर आकडा आणि हिरवा ठिपका. ठिपका हिरवा म्हणजे सगळं ठीक. आल्यागेल्याला मी चहाच्या आधी तो ठिपका दाखवायचे.

आणि तरी लागोपाठ दोन खेपा वाया गेल्या. ठिपका पहिल्यापासून शेवटपर्यंत हिरवा, आणि टरफलं फोडून बघितलं तर आत पिल्लं मेलेली. दोन्ही वेळा अंडी फार्मवाल्या बाईंची. ही बाई आमचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक, कमी बोलणारी. तिसरी खेप तिनं दिली ती माझ्या तोंडाकडे बघून. ट्रे उतरवून झाल्यावर म्हणाली, मावशी, ह्या वेळी पिल्लं निघाली नाहीत तर मी पुन्हा यायची नाही, आणि लोकांनी विचारलं तर खोटंही बोलायची नाही. हॅचरी नावावर चालते. ही खेप गेली की दाराला कुलूप, हे ती गेल्यावर कुणी मला समजावून सांगायला नको होतं.

थोरल्याची एक सवय होती. रोज सकाळी अंघोळ झाली की चहाच्याही आधी तो मशीनघरात जायचा, प्रोग्राम बंद करायचा आणि पुन्हा चालू करायचा. मला ते फार आवडायचं. दुसऱ्यांची पोरं उठल्या उठल्या मोबाइल चोळतात, माझा कामाला हात लावून येतो, असं मी चारचौघांत सांगायचे. धाकटीनं एक दिवस विचारलंच, दादा, हे रोज कशासाठी? तो म्हणाला, सवय आहे. ती म्हणाली, एखाद्या दिवशी राहिलं तर? तो कपात बघत बसला. मग म्हणाला, अडकतं कधीकधी.

धाकटी घरबसल्या कुठल्याशा कंपनीचं काम करते. दुसऱ्यांच्या प्रोग्राममधले दोष शोधायचे, हेच तिचं काम. लोक पगार देऊन हिच्याकडून दोष काढून घेतात, आम्हाला फुकट मिळतात. तिनं थोरल्याकडून प्रोग्राम मागून घेतला आणि स्वयंपाकघराच्या टेबलावर लॅपटॉप मांडला. मशीनला हात लावायचा नाही, आत अंडी आहेत, असं मी बजावलं. ती म्हणाली, मशीन चालू दे तसंच, मी इथे टेबलावर दुसरा सेन्सर जोडून बघते.

संध्याकाळी तिनं काय सापडलं ते सांगितलं. थोरला समोरच बसला होता. प्रोग्राम दर वेळी ऊब मोजताना आकडा ठेवायला मेमरीतली थोडी जागा मागून घेतो, आणि काम झालं तरी परत करत नाही. मला लगेच समजलं. शेजारणीकडून रोज एक वाटी आणायची आणि परत द्यायची नाही. एक दिवस शेजारीण म्हणते, बाई, आता माझ्याच घरात वाटी उरली नाही, आणि तुमची चूल अडते. सकाळी बंद करून चालू केलं की सगळ्या वाट्या एकदम परत जातात. म्हणून तो रोजचा नेम. माझ्या लेकाची शिस्त म्हणून जी मी गावभर मिरवली, ती नुसती सारवासारव होती, हे मला सुनेच्या तोंडून कळलं.

पण ते तर काहीच नव्हतं. तिनं टेबलावरच्या सेन्सरची वायर उपटली. माझ्या डोळ्यांदेखत. आणि तरी लॅपटॉपवरचा आकडा जागचा हलला नाही. ठिपका हिरवाच.

"सेन्सर बोललाच नाही, तर हा मागचा आकडा पुन्हा दाखवतो," ती म्हणाली. "एरर आली की गिळून टाकतो."

थोरल्याचे कान लाल झाले. वायर कधीतरी क्षणभर सुटते आणि पुन्हा लागते, तेवढ्यासाठी आईच्या जिवाला घोर कशाला, म्हणून मी तसं लिहिलं, असं त्याचं म्हणणं. ती म्हणाली, आणि ती पुन्हा लागलीच नाही तर, दादा? तेव्हा हीटर कशाच्या भरवशावर चालतो? तो म्हणाला, दोष काढायला काय लागतं, मशीन इतकी वर्षं मी चालवलंय. मागच्या दोन खेपांचं नाव कुणी काढलं नाही. तिघांच्याही डोळ्यांसमोर त्याच होत्या.

मी दोघांना गप्प केलं. लेकाची बाजू घ्यावी तर अंडी मरतात, सुनेची घ्यावी तर लेक. शेवटी धाकटीला म्हणाले, कर नीट. पण ही खेप आत असताना तुझ्या हातून मशीन बंद पडलं, तर ह्या घरात मान वर करून चालू द्यायची नाही मी तुला.

दोन-तीन दिवस ती टेबलावरून हलली नाही. मी भाजी निवडत समोर बसायचे, दिसेल ते विचारायचे. घेतलेली प्रत्येक जागा कुठे परत होते, ते ती शोधत होती. त्यासाठी तिच्याकडे आणखी एक प्रोग्राम होता, तो ह्या प्रोग्रामच्या मागे चोरामागे शिपाई लावावा तसा फिरायचा आणि कुणी काय उचललं ते सांगायचा. आणि जिथे जिथे काही चुकू शकतं, तिथे तिथे तिनं एकच रीत घातली. चुकलं की पुढे जायचं नाही. हातातलं सगळं परत ठेवायचं, काय चुकलं ते मोठ्यानं सांगायचं, आणि एकाच दारानं बाहेर पडायचं. थोरल्यानं प्रत्येक ठिकाणी वेगळी पळवाट ठेवली होती म्हणे. कुठे गप्प, कुठे अर्धवट, कुठे चुकून बरोबर. सेन्सर बोलला नाही तर हीटर बंद, ठिपका लाल आणि दारावरचा भोंगा चालू, असं तिनं लिहिलं.

मग एका सकाळी थोरल्यानं बंद करून चालू करायच्या वेळेला तिनं जुना प्रोग्राम काढून आपला घातला. दुपारी आम्ही पानावर बसलो आणि मशीन बंद पडलं. स्क्रीन काळी. पंखा थांबल्याची शांतता भिंतीपलीकडून ऐकू आली. धाकटी हात न धुता धावली. मी उठेपर्यंत तिनं ते पुन्हा चालू केलं होतं, पण आतली ऊब उतरायला लागलेलीच होती. दाराला कान लावून मी पंख्याचा आवाज पुन्हा नेहमीसारखा होईपर्यंत उभी राहिले.

तिनं तासाभरात चूक शोधली आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. एक जागा थोरल्यानं आधीच परत केली होती. ते तिनं बघितलं नाही आणि आपल्या नव्या दारातून जाताना तीच जागा दुसऱ्यांदा परत केली. एकदा दिलेली वाटी पुन्हा द्यायला गेली, शेजारणीनं दारच लावून घेतलं.

"माझी चूक झाली, आई," ती म्हणाली. "आता नीट केलंय."

आमच्या घरात असं कुणी म्हणत नाही. म्हणून मला काय करायचं ते कळलं नाही, आणि मला कळलं नाही की मी बोलते. मी तिला तिच्या कंपनीपासून माहेरापर्यंत सगळं ऐकवलं. अर्धवट शहाण्यांनी भरल्या घरात हात घालू नये, असंही म्हणाले. ती उभी राहून ऐकत होती. थोरला दारात होता. मी कशी बोलते ते तो लहानपणापासून बघत आलाय, पण त्या दिवशी तो जरा जास्तच लक्ष देऊन बघत होता.

नंतर प्रोग्राम बंद पडला नाही. पण भोंगा सुरू झाला. तो एकदा वाजला, गप्प झाला, पुन्हा वाजला. जेवताना, फोनवर बोलताना, डोळा लागतो न लागतो तोच. दर वेळी धाकटी जाऊन बघायची आणि दर वेळी खरंच काहीतरी असायचं. सेन्सर क्षणभर गेला आणि आला. आत दमटपणासाठी ठेवलेलं पाण्याचं भांडं रिकामं झालं. पंख्याला जास्त जोर लागला. आधीही हे सगळं होतच होतं, आपल्याला सांगत नव्हतं एवढंच, असं ती म्हणाली. मी म्हणाले, तेव्हा निदान झोप तरी लागत होती. सेन्सरची वायर कुठे सुटते ते तिला सापडेना. थोरल्याला विचार म्हटलं तर ती म्हणाली, दोनदा विचारलं, दादा बघतो म्हणाले.

फार्मवाली बाई अंडी बघायला येणार होती. पिल्लं निघायला अजून अवकाश होता, पण अंडं अंधारात दिव्यावर धरलं की आतलं दिसतं, जीव हलतो का ते कळतं. त्या सकाळी मी घरात सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, की पाहुणी बसलेली असताना हे कुत्रं भुंकायला नको. 

बाई आली. पुढच्या खोलीत बसली. धाकटी तिच्यासमोर लॅपटॉप बाजूला ठेवून बसली होती, थोरला दाराशी उभा. चहा झाला. आणि माझ्या लक्षात आलं की सकाळपासून भोंगा एकदाही वाजला नाही. स्क्रीनवर आकडा ठीक, ठिपका हिरवा. मला इतकं बरं वाटलं की मी कधी करत नाही ते केलं. परक्या माणसासमोर सुनेची तारीफ केली. म्हणाले, ह्या पोरीनं आठवडाभर खपून मशीन नीट केलंय, बघा, आज कसं आवाज न करता चाललंय, मी हिला वाटेल ते बोलले पण हातात कसब आहे हो—

धाकटीच्या तोंडावरचा रंग उतरला. तारीफ झाल्यावर लोक लाजतात, ही घाबरली. तिनं स्क्रीनकडे बघितलं, मग थोरल्याकडे. माझं वाक्य तोंडातच होतं आणि ती उठली. पाहुणीच्या गुडघ्याला धक्का लागला तरी थांबली नाही. मधलं दार माझ्या तोंडावर आपटलं.

मी मागोमाग गेले, रागानंच गेले. मशीनघरात पाऊल टाकलं आणि राग कुठच्या कुठे गेला. तिनं मशीनचं दार उघडलं होतं, आणि भट्टीचं झाकण काढावं तसा झोत अंगावर आला. हातात काचेचा थर्मामीटर. बाहेरच्या आकड्यात आणि काचेतल्या पाऱ्यात इतकं अंतर होतं की वाचायला शिकलेलं माणूस लागत नव्हतं.

"दादा, जुना प्रोग्राम लावलात?" तिनं मागे न बघता विचारलं. ती हीटरचं बटण हातानं बंद करत होती.

थोरला म्हणाला, हो. सकाळी. पाहुणी जाईपर्यंतच.

पुढचं तिला सांगावं लागलं नाही, मलाही नाही. सेन्सरची वायर सुटली होती आणि ह्या वेळी परत लागली नव्हती. शेवटचा आकडा जरासा कमी होता. तोच आकडा बघून जुना प्रोग्राम हीटर चालूच ठेवत बसला होता, आणि पुढच्या खोलीत मी हिरवा ठिपका बघून तारीफ करत होते. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, म्हणतात. इथे पिल्लूच झाकून शिजवायला घेतलं होतं.

दोन्ही दारं सताड उघडली. मी खिडक्या उघडल्या, धाकटीनं बाहेरचा पंखा ओढून आणला. एकदम गारही करून चालत नाही, हे मला ठाऊक होतं, म्हणून मी पारा बघत उभी राहिले आणि कधी दार लोटायचं, कधी उघडायचं ते सांगत राहिले. फार्मवाली बाई उंबऱ्यात येऊन उभी होती. तिला बाहेर बसा म्हणायची माझी छाती झाली नाही. तिनं पदर खोचला आणि हीटरजवळचे ट्रे ओढायला लागली.

थोरला मात्र मशीनच्या मागे गुडघ्यावर बसला होता. ट्रे कलतात तिथे वायर एका पत्र्याच्या धारेवर घासत होती. हे ठिकाण त्याला माहीत होतं. आधीपासून माहीत होतं. दर वेळी सुटली की तो हातानं चिमटा लावून यायचा.

मी विचारलं, हिला का नाही सांगितलंस? प्रोग्राम परत लावताना तरी बोलायचं होतं.

"हिला सांगितलं असतं तर हिनं ते तुझ्यापर्यंत आणलं असतं," तो वायरकडे बघत म्हणाला. "आणि तुला सांगितलं असतं तर तू सगळ्यांसमोर मला सोललं असतंस. त्या दिवशी हिला सोललंस तसं."

सोललंच असतं. त्यात काय खोटं आहे. कुत्रं भुंकायला नको, एवढंच मी म्हणाले होते, मारून टाका नव्हते म्हणाले. पण पाहुणी उभी होती, आणि मी पाऱ्याकडे वळले. 

पारा उतरला. थोरल्यानं नवी वायर ओढली, धारेपासून लांब, नळीत घालून. धाकटीनं आपला प्रोग्राम पुन्हा घातला, आणि त्याला विचारून विचारून घातला. वायर जोडायच्या आधी भोंगा कोकलत होता. जोडली आणि थांबला. ह्या वेळी तो का थांबला ते तिघांनी आकडा आणि पारा शेजारी धरून बघितलं.

मग खोलीत अंधार केला आणि अंडी एकेक करून दिव्यावर धरली. बाईनंच धरली, मी तिच्या खांद्यावरून बघत होते. आत काळपट गोळा, आणि वरच्या पोकळीच्या कडेला काही हलतंय का ते बघायचं. हललं की ती अंडं उजवीकडे ठेवायची, नाही हललं की डावीकडे. हीटरजवळचा अख्खा ट्रे डावीकडे गेला. मधल्या रांगांमध्ये हालचाल होती, पण काहींत इतकी मंद की ती आणि मी दोघी श्वास रोखून थांबायचो.  जाताना बाई म्हणाली, हलतंय म्हणजे निघेलच असं नाही.

ते दिवस मी कसे काढले ते मी कुणाला सांगितलेलं नाही. थोरला सकाळी अंघोळ करून बाहेर यायचा आणि मशीनघराच्या दाराशी घुटमळायचा. बंद करून चालू करायचं काम आता उरलं नव्हतं, पण पाय तिकडेच वळायचे. धाकटी त्याला आत बोलवायची, काय बघायचं ते दाखवायची. तोही मग एकेक सांगायला लागला, हे बेअरिंग कुरकुरतं, ते झाकण घट्ट बसत नाही, इतकी वर्षं मनातच ठेवलेलं. मी पुढच्या खोलीत बसून ऐकायचे. मध्ये बोलायचं नाही म्हणून सुपारीचं खांड तोंडात धरून ठेवायचे.

ज्या पहाटे पिल्लं निघायची होती, तेव्हा आधी काहीच ऐकू येईना. मी दाराच्या काचेला नाक लावून उभी. मग मधल्या रांगेत एका अंड्याला भेग दिसली. आतून टोच मारल्याचा बारीक आवाज, मग शेजारच्या अंड्यातून. उजाडेपर्यंत सगळा ट्रे चिवचिवायला लागला. सगळी नाही निघाली. मधल्याही काही अंड्यांत पिल्लू भेग पाडून तिथेच थांबलं, ती थोरल्यानं एकेक करून बाजूला काढली. पण निघाली ती खोकी भरून निघाली, ओली, लटपटती, आणि एकमेकांच्या डोक्यावर पाय देणारी.

फार्मवाली बाई आली, खोक्यांत हात घालून पिल्लांचे पाय तपासले, पोटं तपासली. मग माझ्यासमोर न बसताच म्हणाली, मावशी, मागच्या दोन वेळी काय झालं ते मला कुणी सांगितलंच नव्हतं. ह्या वेळी सगळं डोळ्यांनी बघितलं. पुढची अंडी सोमवारी पाठवते.

तिची गाडी वळणावरून गेली. थोरला रिकामे ट्रे धुवायला मागे घेऊन गेला. धाकटी टरफलं गोळा करत होती, केसांत पिवळी पिसं, डोळे सुजलेले. मी तिला हाक मारून समोर उभी केली.

"तू उद्धट आहेस," मी म्हणाले, "आणि ते मी जिवंत असेपर्यंत म्हणणार. पाहुणीसमोर माझं बोलणं तोडून उठलीस, माझ्याच घरात माझ्या तोंडावर दार आपटलंस. मशीन आजपासून तुझं. वायरी थोरल्यानं बघायच्या, डोकं तू. आणि काही बिघडलं की आधी मला येऊन सांगायचं, दोघांनीही, मी जेवत असले तरी, कुणाची तारीफ करत असले तरी. मी ओरडेन. ते काही कमी व्हायचं नाही. ओरडण्यानं अंडी मरत नाहीत."